बाळंतिणीची खोली

नागाव, सोमवार

अहो,
नमस्कार. तुमचं नाव मी घेत नाही, पत्त्यावर निकेतने घातलंय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. नेत्रा बरी आहे. दूध जरा कमी उतरतंय, पण काळजी करू नका. पणतीच्या नाकावर तुमच्यासारखाच राग आहे.

आता माझा राग ऐका. नातीला बाळंत होऊन अठरा दिवस झाले, आणि शनिवारी आपल्या नातजावयाने, या निकेतने, तिला बाळासकट नारळ ठेवायच्या खोलीत हलवलं. का, तर तिची खोली पर्यटकांना दिली! "आजी, दोनच दिवस," म्हणतो. म्हटलं, "मेल्या, टाके तिला पडलेत की तुला?"

मग मी बाळाला न्हाऊ घातलं आणि धुरीची शेगडी नेऊन पाहुण्यांच्या पलंगाशी ठेवली. ओवा, बाळंतशेपा सढळ हाताने टाकला. पाहुणे खोकत अंगणात आले, ते परत आत गेलेच नाहीत. नेत्रा आपल्या खोलीत आली.

तुम्ही मला बाळंतपणाच्या विसाव्या दिवशी मिठागरावर कामाला नेलंत, तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

हे निकेतच लिहितोय. कान लाल झालेत. "आजी, एवढं नको ना," म्हणतो. म्हटलं, हेही लिही: सव्वा महिना ही खोली कुणाला देणार नाही.

आवडाबाई भाकरी वेळेवर देते ना? बाळंतशेपा संपला, पाठवा. शनिवार परत येतोच आहे.

तुमची सखू, हा तिचा अंगठा

वरचं सगळं कबूल.
निकेत