पाळण्याच्या कडीला सांडशी

बीड, बुधवार

सौ. छबुबाई वहिनींना नणंद मंगलचा वाकून नमस्कार. दादाचा गुडघा कसा हाय? (तेल चोळता का नुसताच उन्हाला ठेवता?) तुमचा खोकला गेला असंल असं धरून चालते. आमी मायलेकी खुशाल हावोत. तेजश्रीचा क्लास चालू हाय, परीक्षा मे महिन्यात. तवर ही भाड्याची खोली टिकली पायजे, एवढंच माझं मागणं. ती जाता जाता राहिली, तेच सांगायला लिहिते.

खोली कशी, तर कूस बदलली की भिंत. ओटा हातभर, त्यावर शेगडी बसली की चहाचा कप ठेवायला माझी मांडी. फळी न्हाई, कपाट न्हाई. वर मालकीण रुक्मिणीबाईंचा कायदा, भिंतीला खिळा ठोकला त्या दिवशी खोली खाली. (आधीच्या भाडेकरू बाईनं नऊ खिळे ठोकलते. रुक्मिणीबाई ती भोकं अजून चाचपून बघतात, जखम बघितल्यावानी.) मग पळी उशाखाली, झारा तेजश्रीच्या वह्यांत, किसणी दाराआड. एका सकाळी सांडशी सापडली न्हाई आणि उतू चाललेलं दूध पदरानं उतरवलं, हात भाजला, तवा माझं डोकंच सटकलं. वर बघितलं तर छताला पाळण्याची कडी. तिला काय खिळा म्हणत न्हाईत. पेटीतलं एक पातळ काढलं, दोन्ही टोकं कडीला बांधली, शेतात लेकराला बांधतो तशी झोळी केली. आतून चुण्या घालून पिनांनी खिसे पाडले, पळीला एक, उलथन्याला एक, सांडशीला एक. पोळपाट-लाटणं तळाला. खर्च काय, तर दहा रुपयांच्या पिना. मी लई खूश.

पर झारा मोठा द्वाड, खिशातनं सटकून तळाला जायचाच. मग मी झोळी हलवायची, आणि माझं तोंड काय गप बसतंय? कुठं दडलास रे बाबा, ये की वर, असं झाऱ्याला बोलायची. शेजारच्या खोलीतल्या वनमालानं ते खिडकीतनं ऐकलं, झोळी हलताना बघितली, आणि (मला विचारलं असतं तर जीभ झिजली असती) थेट मालकिणीला जाऊन सांगितलं, मंगलबाईनं तान्हं लेकरू आणून ठेवलंय.

रुक्मिणीबाई आल्या त्या खोली खाली करा म्हणतच. दोघींना दिली, तिसरं कशापायी आणलं, पाणी काय आभाळातनं येतं का? तेजश्रीचं तोंड उतरलं, पुस्तकं गोळा करायला लागली. मी म्हणलं, आधी बघा तर खरं. त्यांनी रागातच झोळीत हात घातला, पर कसा, तर तान्ह्याच्या मानेखाली घालावा तसा हळू. वर आलं लाटणं. बाईंनी लाटण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "बापावर गेलंय."

मग बसल्या, चहा घेतला, एकेक खिसा उघडून बघितला. त्यांच्या घरात दोन कपाटं हायत आणि सांडशी कधी सापडत न्हाई म्हणे. मलाबी अशी एक झोळी करून दे, मेपर्यंत खोलीचं नाव काढणार न्हाई, असं स्वतःच्या तोंडानं बोलल्या. आता बसल्या जागी सांडशी हाताला येते. माणसाला आणखी काय लागतं?

घरात लहानांना पापा, मोठ्यांना माझं पाया पडणं सांगा.

तुमची,
मंगल

ता. क. झोळीचं ते पातळ म्हणजे पंचमीला तुमी मला नेसवलेलं पोपटी. राग मानू नका. एकदा नेसून बघितलं, मी बसले तरी ते उभंच राहिलं.

आणखी ता. क. रुक्मिणीबाईंना तसलंच पायजे आणि बीडच्या बाजारात तसलं राठ कापड कुठंच मिळंना. तुमचा अंगद शनिवारी इकडं येतोय, त्याच्यासंगं त्याच दुकानातलं एक धाडा. रंग कसलाबी चालंल. निवडायला मातर तुमीच जा, दादाला पाठवू नका, तो चांगलं आणंल.