पेरावर सहा काटे

६ नोव्हेंबर

दादा परवा सकाळी घराबाहेर पडला तो अजून आलेला नाही. नोकरी गेल्यापासून रोजच कुठंतरी जायचा, पण जेवायला घरी असायचा. पोलिसांत कळवलंय.

वहिनी आज कॉलेजात आली. वाळवलेल्या झाडांच्या कपाटांमध्ये, माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि रुमाल उलगडला.

"धुवायच्या पँटला चिकटलं होतं. तुम्ही ओळखाल ना, वन्सं? कुठं जात होते तेवढं तरी कळेल."

बोटभर फांदी. केसाळ देठ, पेराभोवती सहा लांब पिवळट काटे, मधे सुकलेलं जांभळं फूल. भिंगाची गरजच पडली नाही. कोळसुंदा — पाणी साचतं तिथंच येणारा.

मी म्हणाले, "पुस्तकं बघावी लागतील."

७ नोव्हेंबर

कपाटातला नमुना काढला. अकरा वर्षांपूर्वी मीच आणलेला. खाली माझंच अक्षर — बंद गिरणीमागचं तळं. गावात हा दुसरीकडे कुठं नाही.

म्हणजे दादा रोज तळ्यावर जाऊन बसत होता. आणि त्याला पोहता येत नाही.

तिला कसं सांगू? ती अजून त्याचं ताट वाढून झाकून ठेवते. चार दिवस तरी आशेवर राहू दे तिला — असं मीच ठरवून टाकलं. मी कोण ठरवणारी!

पोलिसांकडेही गेले नाही.

८ नोव्हेंबर

वहिनीचा फोन. "लागला का काही शोध?"

"अजून नाही."

"सावकाश बघा. तुमच्यावर भरवसा आहे."



९ नोव्हेंबर

राहवेना. सकाळी फौजदारांच्या टेबलावर फांदी ठेवली, तळ्याचं सांगितलं. "कधी ओळखलंत हे?" त्यांनी विचारलं. "आज," म्हणाले मी. मान वर केली नाही.

मग वहिनीकडे. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "पाण्यात?" आणि गॅस बंद केला.

पाणबुड्या अंधार पडेपर्यंत तळ ढवळत होता. काही मिळालं नाही. उद्या काठानं बघणार आहेत.

१० नोव्हेंबर

तो पाण्यात नव्हताच. बांधावरून घसरून पलीकडच्या खड्ड्यात पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, कोपरं सरपटून सोललेली. हाका मारल्या असतील.

डॉक्टर म्हणाले, परवा संध्याकाळपर्यंत जिवंत होता.