दीड फेरी

बाबा, तुम्ही दीड फेरी मारली होती. सात नाही. हे तुम्हाला सांगायला नको, तुम्हाला माहीतच आहे; पण आता ते माहीत असलेला जिवंत माणूस मी एकटाच उरलोय आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पळस्प्याच्या वजनकाट्यावर, माझ्या केबिनमध्ये बसून लिहितोय. दुपारचे दोन वाजलेत, पंखा गरम हवाच फिरवतोय, काट्यावर एक ट्रेलर उभा आहे आणि त्याचा ड्रायव्हर पावतीसाठी खिडकीवर टकटक करतोय. उद्या हनुमान जयंती. उद्या सकाळी तुमची नात, माझी मुलगी, मारुतीच्या देवळापुढे आजोबांचा गोटा उचलणार आहे. आणि बाबा, तो गोटा तुमचा नाही. मला काय करावं ते सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो, इतका मी मेटाकुटीला आलोय.

मी आठ वर्षांचा होतो. जुन्या गावात देवाचा जन्म झाला, सुंठवडा वाटून झाला, की गोटा उचलायची रीत होती. ज्याला जमेल त्यानं तो छातीशी धरायचा आणि देवळाला फेऱ्या मारायच्या. आदल्या दिवशी गोटा खाडीच्या पाण्यानं खसाखसा घासून धुवायचे. शेंदूर देवाला, गोट्याला नाही, कारण तेला-शेंदरानं हात सटकतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी पारावर बसलोय. तुम्ही मिठागरावरून आलेल्या त्याच भेगाळल्या पायांनी गोट्यापाशी येता, हाताला माती चोळता, वाकता. गोटा आधी मांडीवर येतो, मग पोटावर, मग छातीला. तुमच्या मानेची शीर दोरीसारखी ताठ होते. पहिली फेरी पुरी होते, माणसं ओरडायला लागतात. दुसऱ्या फेरीत देवळाच्या मागे, जिथे माणसं कमी होती, तिथे तुमचा पाय थरथरला आणि तुम्ही गोटा खाली सोडलात. मी धावत मागे आलो होतो, म्हणून मी ते पाहिलं. पुढच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांना वाटलं, गडी अजून फिरतोच आहे.

घरी आईनं चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तुमच्या कमरेला शेक दिला. तुम्ही पालथे पडून होतात. मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "कोनी इचारला तं दीड सांग. आर्धी बी जास्ती नको." आई हसली, म्हणाली, "त्याला कोन इचारतंय?" पुढे चार दिवस तुम्हाला वाकता आलं नाही. उंबऱ्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन तुम्ही भाकरी आणि सुकट खायचात. गोट्याला पुन्हा कधी हात लावला नाहीत. आणि मी काय केलं? शाळेत तीन फेऱ्या सांगितल्या. मास्तरांकडून ते तुमच्या कानावर गेलं, तेव्हा मार बसेल म्हणून मी गोठ्यात लपलो होतो. तुम्ही मारलं नाहीत. फक्त म्हणालात, "माज्या नावावं खोटा वजन नको चढवू. मेल्यावं बी उतरत नाय ते." मला तेव्हा ते काही कळलं नाही. मार बसला नाही म्हणून खूश झालो, एवढं आठवतं.

तुम्ही गेलात आणि दहाव्यालाच फेऱ्या पाच झाल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. तुम्हाला तर गावानं नऊ मण चढवले. वर्षाश्राद्धाला सात फेऱ्या. मग कोणीतरी तुमच्या पायात बाभळीचा काटा घातला, तो तसाच ठेवून तुम्ही गोटा उचललात म्हणे. मग एका हातानं उचललात. मग उचललेल्या गोट्यावर मला बसवलंत, म्हणजे मीच साक्षीदार आणि मीच त्या थापेतलं पोर! लग्नकार्यात लोक मला पुढे करायचे, "ह्याचा बाप तो." मी मान हलवायचो. पंगतीत बसलेल्या माणसानं दीड-दीड करत बसू नये, असं मी मनाला समजावलं होतं. खरं सांगायचं तर मला ते गोड लागायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग विमानतळासाठी गाव उठलं. तुम्ही ते पाहिलं नाहीत ते बरं झालं. आम्हाला करंजाड्याच्या बाजूला प्लॉट मिळाले, देऊळही नवं बांधायचं ठरलं. जुन्या देवळापाशी दोन दगड होते. एक तुमचा गोटा, अर्धा मातीत रुतलेला. दुसरा त्याच्या जवळपास दुप्पट, पिंपळाखाली, ज्यावर म्हातारे बसून तंबाखू मळायचे आणि जो कोणी कधी उचलला नाही, कारण उचलायचं कोणाच्या मनातच नव्हतं. जाणती माणसं तोवर संपली होती, उरलेली लेकींकडे उरणला, पेणला पांगली होती. मंडळाची पोरं जेसीबी घेऊन आली आणि मला विचारलं, "दादा, आज्याचा गोटा कंचा ह्यातला?" पोरांच्या हातात मोबाईल, सगळे शूटिंग करतायत. तुमचा गोटा त्या पिवळ्या बकेटपुढे नारळाएवढा दिसत होता. मी बोट उचललं आणि मोठ्या दगडाकडे दाखवलं. पोरं तुम्हाला हसतील, तुमचं नाव जाईल, असं मला त्या घडीला वाटलं, असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. टेम्पो वाटेत माझ्याच काट्यावर आणला, बोर्डावर वजन लिहायचं होतं त्यांना. एकशे ऐंशी किलो भरलं. पोरं म्हणाली, "दादा, तुमचा काटा चुकतो," आणि बोर्डावर त्याच्या दुप्पट, नऊ मण रंगवलं. देवळापुढे ओट्यावर दगड बसवला आणि दर शनिवारी त्याला तेल-शेंदूर थापायला लागले. तुमचा खरा गोटा भरावाखाली गेला. आता त्याच्यावर धावपट्टी आहे की कुंपण, देव जाणे.

तुमची नात तेवीस वर्षांची आहे. नवीन पनवेलच्या जिममध्ये वजनं उचलते, राज्य स्पर्धेपर्यंत जाऊन आली आहे. तुमचे खांदे घेतलेत तिनं, आणि तुमचा हट्टही. गोट्याला बाईचा हात लागू नये असं गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं. दोन वर्षं भांडली ती. शेवटी देवळाची कमिटी म्हणाली, ठीक आहे, त्याची नात आहे म्हणून. बॅनर लागलाय, तुमचा फोटो वर, तिचा खाली. आणि ती काही भोळी नाही हो. वहीत तुमच्या सगळ्या गोष्टी लिहून काढल्या आणि एकेक खोडत गेली. मला दाखवायला आली तेव्हा तिच्या तोंडावर केवढा आनंद होता. "पप्पा, सात फेऱ्या विसरा. काटा विसरा. एक हात, वर तुम्ही बसलेले, सगळं कट. नऊ मण पण कट, तुमच्या काट्यावर एकशे ऐंशी आलं ना, मग एकशे ऐंशी. आता काय उरलं? हा गोटा, आणि आजोबांनी तो उचलला. एवढं तरी खरं असणारच ना? गोटा तर समोर आहे!" सगळं चाळून, पाखडून तिनं एकच दाणा ठेवला आणि नेमका तोच मी टाकलेला खडा. मी म्हणालो, "हुशार आहेस." बाबा, मी एवढंच म्हणालो.

त्यानंतर महिन्याभरात तिच्या डाव्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो काढले, मणक्याची चकती सरकली आहे म्हणाले. आणखी एक जोराचा झटका बसला तर पायातली ताकद कायमची जाऊ शकते, असं त्यांनी तिला आणि मला समोर बसवून सांगितलं. रिक्षात बसल्यावर तिनं मला शपथ घातली, आईला बोलायचं नाही. "एकदाच उचलायचाय, पप्पा. नुसता जागेवरून सोडवायचा. आत्ता मागे फिरले ना, तर पुढची वीस वर्षं एकाही मुलीला तिथे उभं राहू देणार नाहीत. आणि आजोबांनी टेक्निक नसताना केलं, मला टेक्निक येतं." रिक्षावाला आरशातून बघत होता. मी बाहेर बघत होतो.

परवा सकाळी मी धीर केला. ती स्वयंपाकघरात उकडलेली अंडी सोलत होती. मी म्हणालो, "तो गोटा आजोबांचा नाही. त्यांचा लहान होता, शंभराच्या आतबाहेर. त्यांनी दीडच फेरी मारली. गाव हललं तेव्हा पोरांनी चुकून दुसराच दगड आणला."

तिनं हात पुसले. "चुकून?"

"हो."

"आणि तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

नळ ठिबकत होता, तो मी जाऊन बंद केला. ती जवळ आली, माझ्या दंडाला धरलं, आणि इतक्या प्रेमानं बोलली की त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या. "तुम्ही रिपोर्ट बघून घाबरलाय, कळतं मला. पण मला थांबवायला आजोबांना लहान करू नका. प्लीज."

जन्मभर मी थाप मारली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. एकदा खरं बोललो तर ते माझ्याच लेकीला थाप वाटलं. म्हणून काल रजा टाकून उरणजवळ करंज्याला गेलो. ती कोळीण आठवते ना, जत्रेला सुक्या मासळीची पाटी घेऊन यायची, आणि देवळाच्या मागच्या अंगाला, नेमकी जिथे तुम्ही गोटा सोडलात, तिथे बसायची? ती अजून आहे. बंदराच्या बाजूला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत बसली होती, नजर शाबूत, दात नाहीत. मी तिचे पाय धरले. म्हटलं, "आये, माज्या लेकीला फोनवर एवडंच सांग, माज्या बापानं किती फेऱ्या मारल्या आनि गोटा केवडा होता." फोन लावायच्या आधी विचारून घेतलं, ते बरं केलं. "सात," ती म्हणाली. "ह्या डोल्यांनी बगल्यात. गोटा? हत्तीच्या डोक्यायेवडा." मी म्हटलं, नीट आठव, त्यांनी तुझ्या पाटीपुढेच सोडला होता, तू घाबरून पाटी ओढलीस. तिला राग आला. "तू तवा एवडासा व्हतास, तुला काय कलतंय? बापाचा मोटेपना सोसत नाय काय रे तुला?" आजूबाजूच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. ती खोटं बोलत नव्हती, बाबा. इतक्या वेळा ऐकून तिला आता तेच दिसतं. मी घाबरलो ते ह्याला, की अजून दहा वर्षांनी मलाही सातच दिसतील.

येताना बसमध्ये मी रडलो. कंडक्टरनं विचारलं, "कोन गेलं का घरातलं?" मी नाही म्हटलं.

काल रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, कारण मी सांगितलं त्यात माझं काहीच जात नव्हतं. चूक पोरांची, लहान झाले आजोबा, आणि मी आपला काळजी करणारा बाप. तिच्या त्या वहीच्या हिशोबानं असली गोष्ट खोडायचीच. पण आपल्याच तोंडाला काळं फासणारी थाप कोणी मारत नाही, हे तिलाही पटेल. तिचा एक प्रश्न मी टाळला, त्याचं उत्तर द्यायला हवं. मी तिथेच होतो, बोट माझंच. हे तिला सांगायचं, मग कमिटीला, मग उद्या माइकवरून सगळ्या गावाला. तिला माघार घ्यावी लागणार नाही. दगडच चुकीचा म्हटल्यावर कोणाला काय बोलता येणार? जे बोलायचं ते मला बोलतील. तुम्हालाही बोलतील थोडं. तेवढं सोसा.

पाचला ती स्कूटीवरून मला न्यायला येणार आहे, देवळापाशी मांडव बघायला जायचंय. तिच्या हातात हेच कागद द्यावेत असंही मनात आलं. ती वाचेल आणि मी काट्याच्या आकड्याकडे बघत राहीन. पण ते पुन्हा लपणंच झालं. कागद मी खणात टाकतो, सांगायचं ते तोंडानं सांगतो. फक्त त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी अजून तुम्हालाही सांगितलेली नाही, आणि ती ओठांवर येईल की नाही याची मला खात्री नाही.

जेसीबी यायच्या आदल्या दुपारी जुन्या देवळापाशी चिटपाखरू नव्हतं. मी माती उकरली, हाताला चोळली आणि तुमचा गोटा उचलायला गेलो. चार वेळा. गुडघ्याच्या वर आला नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं तेव्हा मला तुमची लाज वाटली नव्हती, बाबा. मला जो उचलता आला नाही, तो एवढा लहान आहे हे त्यांना दिसू नये, म्हणून मी दुसरीकडे बोट दाखवलं.