हळदीखालचा होन

६ जानेवारी, मंगळवार
आधी दुरुस्ती. ३ तारखेला मी लिहिले की शेजारच्या रुद्रम्मा आज्जींचे नाणे मी 'नीट तपासले'. हे खरे नाही. मी ते नीट पाहिले. त्यांच्या देव्हाऱ्यात, समईच्या उजेडात, दोन हात अंतरावरून. बाकी नोंद बरोबर आहे. नाणे लहान, गोल, पिवळे, म्हणजे होन. होन हे नाव कन्नड 'होन्नु'वरून आले. होन्नु म्हणजे सोने. आज्जींचे माहेरही कन्नड बोलणारे. पुरावा पूर्ण.

हे मला घरीच शिकवलेले आहे. तिसरीपर्यंत मी शाळेत रडायचे म्हणून नानांनी स्वतः शिकवले. मोहोर म्हणजे शिक्का. रुपया रूप्यावरून, म्हणजे चांदीवरून. पुतळीवर मूर्ती असते म्हणून ती पुतळी. वडील म्हणून सांगत नाही, पण नानांचे वाक्य पक्के आहे: नाव कळले की नाणे कळले.

२६ जानेवारीला आमच्या जळकोटच्या वाचनालयात गावातल्या जुन्या नाण्यांचे प्रदर्शन. मी ग्रंथपाल, त्यामुळे सगळी लेबले माझी. संकल्प: एकही चूक नको.

११ जानेवारी, रविवार
आज्जी स्वतः नाणे प्रदर्शनासाठी ठेवायला वाचनालयात घेऊन आल्या, खणात गुंडाळून. दर लक्ष्मीपूजनाला त्यावर हळदकुंकवाचे बोट लागते, पण ते कधीच धूत नाहीत. धुतलं तर लक्ष्मी जाती, म्हणाल्या.

मग म्हणाल्या की नात शिवकन्या हिच्या सासरी त्यांनी कळवून टाकले आहे. "आमची मंजुषा शिकलेली हाय, तिनं सांगितलंय होन हाय म्हणून. लग्नात पोरीच्या गळ्यात घालणार." लग्न ८ फेब्रुवारीला. व्याही-विहीणबाई २६ तारखेला बघायला येणार. मल्लिकार्जुन सोनार तेव्हाच कडीचे माप घेणार.

मला अभिमान वाटायला हवा होता. नाण्याच्या पावतीवर मी दोनदा चुकीची तारीख घातली. बहुतेक दुपारच्या वांग्यांची सुस्ती.

१२ जानेवारी, सोमवार, दुपारी ३
फक्त एक कडा पुसली. ओल्या रुमालाने, आणि तेही नोंदीसाठी. हळदीखाली पांढरे निघाले. मग एक मिनार. मग दुसरा. चारमिनार.

निजामाची चवन्नी. हाली सिक्का. चांदीची. 'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला, हेही नानांनी शिकवले होते. पिवळेपणा सगळा हळदीचा.

संकल्प: उद्या आज्जींना सांगायचे. खरे लेबल आजच लिहून पर्समध्ये ठेवले. पुसलेल्या जागी घरची हळद लावली. (हे लिहिलेच पाहिजे.)

१३ जानेवारी, मंगळवार
भोगी. आज्जी भाकरी थापत होत्या. हात पिठाचे असताना माणसाला असले काही सांगू नये.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवून आज्जी म्हणाल्या, गोड बोल गं बाई. मग आज कडू कसे बोलणार?

१५ जानेवारी, गुरुवार
किंक्रांत. दिवसच वाईट.

१९ जानेवारी, सोमवार
सांगितले!

नीट, सुरुवातीपासून सांगितले. रुपयापासून सुरुवात केली, मोहोर घेतली, मग प्रत्येक राजवट आपापले नाणे पाडते इथवर आले. अर्धा तास लागला. निजामाचे नाव दोनदा घेतले. आज्जी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "किती गं तुझं डोस्कं! म्हंजी आपला होन लई जुना म्हणायचा."

मी म्हणाले, जुना आहे.

हे खोटे नाही.

दुरुस्ती: सांगितले नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
प्रामाणिक मार्ग सापडला. लेबल बदलले. 'होन' ऐवजी 'होन (असे मानले जाते)'. नानांना दाखवले. त्यांनी विचारले, कोण मानतं? मी म्हणाले, लोक. त्यांनी विचारले, लोकांना कुणी सांगितलं? मग ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

२५ जानेवारी, रविवार
रथसप्तमी. गोड बोलायची मुदत आज संपली. पण आदल्या दिवशी सांगितले तर आज्जींचे बीपी वाढेल. उद्या पाहुणे येण्याआधी, बरोबर साडेनऊला, बाजूला घेऊन सांगायचे.

२६ जानेवारी, सोमवार, संध्याकाळी ६
पाहुणे नऊलाच आले.

मल्लिकार्जुननी कडी कुठे बसवायची हे बघायला नाणे उचलले आणि ओला अंगठा फिरवला. एकदाच. मग त्यांनी ते आज्जींच्या हातात दिले. विहीणबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं बया, होन चांदीचं असतंय व्हय? आमच्या घरी तर सगळ्यांला सांगून बसलाव." त्यांच्याबरोबरच्या बायका हसल्या. शिवकन्या हसली नाही.

सगळ्यांनी लेबल वाचले. मग माझ्याकडे पाहिले. बोलायला मी तोंड उघडले होते, हे मला नक्की आठवते.

त्याआधीच आज्जी बोलल्या. "माझंच चुकलं. म्याच ह्या पोरीला सोन्याचं म्हणून सांगितलं. तिनं माझ्या शब्दावर लिवलं. तिला काय म्हणू नका."

आज्जींनी असे कधीच सांगितले नव्हते. त्या नाण्याला फक्त लक्ष्मी म्हणायच्या. होन हा शब्द माझा.

मी काय केले ते लिहिते. पर्समधून खरे लेबल काढले आणि जुन्याच्या जागी लावले. सरपंच म्हणाले, बघा, किती तत्पर! दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी थँक्यू म्हणाले.

जाताना आज्जींनी नाणे पुन्हा खणात गुंडाळले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. तेही खोटे.

 घरी दारात चपला काढताना नाना एवढेच म्हणाले की नव्या लेबलाची शाई जुनी दिसत होती.

संकल्प, शेवटचा: विहीणबाईंच्या घरी जायचे आणि त्यांच्यासमोर सांगायचे की चूक माझी, आज्जींची नाही. फोनवर नाही. समोर. लग्नाआधी गेले तर लग्नघरात गोंधळ होईल, म्हणून लग्न झाल्यावर लगेच, सोमवारी ९ फेब्रुवारीला. सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते, त्यामुळे कारण उरणार नाही.

दुरुस्ती: सुट्टी गुरुवारी असते.

म्हणजे जायचे गुरुवारी, १२ फेब्रुवारीला.