बिब्याचा डाग

बाबा, आज कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझे दोन्ही तळपाय उलटसुलट करून पाहिले. घरात कोणाला कॅन्सर होता का, असं फॉर्मवर विचारलं होतं, मी तुमचं लिहिलं, म्हणून. माझ्या पायात काही नाही. पण तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, आणि इथं सुरतेत हे बोलावं कोणापाशी?

नांदगावच्या वावरात तुमच्या टाचेत काटा मोडला तो दिवस. संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी पाय लांब करून बसला आहात. आई बिब्याला सुई टोचून विस्तवावर धरते, तेल सुटलं की टाचेला चटका देते. काळा डाग पडला. बिब्याचा पडतोच. पण तो गेला नाही, पसरला, तर आईनं त्याच्यावर पुन्हा बिबाच लावला. मी म्हटलं, कुठं दाखवा तरी. ती म्हणे, "कावून भेवाडतं त्याईले? बिब्याचा डाग हाय, जाईन." तुम्ही हसत, "तुह्या मायनं देल्लं हाय, लवकर कसं जाईन?" असं वर्ष गेलं.

अकोल्याच्या डॉक्टरनं टाच पाहून पहिलं हेच विचारलं, इतके दिवस काय करत होता. चामडीचा कॅन्सर होता. सात महिन्यांत तुम्ही गेलात. तेरवीला, भरल्या पंगतीत, मी आईला म्हटलं, "तुनं मारलं माह्या बापाले." तिनं भाजीची बादली खाली ठेवली नाही. पुढच्या पानावर वाढत गेली. त्याला चार वर्षं झाली. मी गावी गेलेलो नाही.

आज बाईंना मी पातूरच्या काकांचं विचारलं. अकोल्याला तुमच्या शेजारच्या खाटेवरचे. त्यांचंही तळपायालाच, तेही तितक्याच उशिरा आलेले, औषध तेच. ते अजून फोन करतात, "जेवला का बे?" मग माझेच बाबा का गेले? बाई म्हणाल्या, उशीर तर नडतोच. पण रोग आल्यावर कोण किती तगतं, ते थोडंफार आईबापाकडून आलेल्या रक्तावरही असू शकतं, असं आता दिसून राहिलं आहे. "तुमच्या वडिलांचं नेमकं काय झालं, ते कोणी सांगू शकणार नाही," असंही त्या मला म्हणाल्या.

असू शकतं. सांगता येत नाही. सातवी शिकलेल्या माणसानं याचं करायचं काय? आईनं केलं म्हणा, नाहीतर नाही केलं म्हणा. हे असं अधांतरी लटकवून ठेवतात, आणि वर म्हणतात, दर वर्षी पाय दाखवत जा.

मग आईला फोन लाव ना, असं तुम्ही म्हणाल. नंबर काढून बसलो होतो. नाही लावला. तुमच्या रक्तातूनच हे आलं असेल तर ते माझ्यातही आहे. आईच्या हातून झालं असेल तर मी सुटलो. चार वर्षं गावी न जाण्याला मी राग म्हणत होतो. खरं सांगतो बाबा, अजूनही वाटतं, चूक तिचीच निघावी.