फुली मारलेल्या ट्रकांची हकीकत

नेरूळ, १२ मे १९९६

तीर्थरूप मामांना अभिरामचा साष्टांग नमस्कार (पोट मध्ये येतं, तेव्हा एखादं अंग वजा धरावं). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा दमा? मी मजेत आहे, म्हणजे अजून नोकरीत आहे. एक तारखेपासून कायम करणार की घरी पाठवणार, तेवढं ठरायचंय.

आमच्या तुर्भ्याच्या आंब्याच्या गोदामात गेटवर कॉम्प्युटर आहे. आल्यागेल्या प्रत्येक ट्रकची नोंद त्यात होते. या नोंदींची फाइल इतकी फुगली होती की एक ट्रक शोधायला चार मिनिटं लागत आणि रांग पार हायवेपर्यंत जाई. कारण मी शोधून काढलं. कॉम्प्युटरात नोंद खोडली तरी ती जात नाही. तिच्यावर नुसती फुली पडते आणि ती जागा अडवून बसते (आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी तसेच). तीन लाख नोंदींत अडीच लाख फुल्या, बहुतेक जुन्या मोसमांच्या खोडलेल्या नोंदींवरच्या! त्या कायमच्या काढायच्या तर गेटचं काम थांबवायला हवं, आणि ऐन मोसमात तसं म्हटल्यावर मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच विषय बदलला.

मग मी अक्कल चालवली (इथे तुम्ही कपाळाला हात लावला असेल). काम चालू असतानाच बिनफुलीच्या नोंदी थोड्या थोड्या करून नव्या फाइलीत नेल्या, आणि गेटवरच्या गोजराबाई चहाला उठल्या तेवढ्यात जुनी काढून नवी बसवली. एक ट्रक अडला नाही. चार मिनिटांचं काम चार सेकंदांत! मालकांनी पाठ थोपटली. त्या भरात मी जुनी फाइल पुसूनसुद्धा टाकली.

गोजराबाई परतल्या आणि किंचाळल्या. बाई बोनकोड्याच्या, बारा वर्षं गेटवर. पूर्वी वहीत आत शिरलेल्या गाडीवर पेन्सिलीने फुली मारायच्या आणि गाडी बाहेर पडली की ती खोडरबराने पुसायच्या. कॉम्प्युटरलाही त्यांनी हीच शिस्त लावलेली. "साहेब, फुली म्हंजे गारी आतमंदी हाय! तुमी इचारलं का कदी?" नव्हतं विचारलं. त्या अडीच लाखांत सतरा फुल्या बाईंच्या होत्या. आत सतरा ट्रक उभे, आणि कॉम्प्युटरच्या मते त्यातला एकही आलेला नाही. जो आलाच नाही त्याला माल उतरवायची चिठ्ठी कोण देणार? गेले दोन दिवस मी चलनं गोळा करत ड्रायव्हरांच्या मागे फिरतोय, म्हणजे नोंदी पुन्हा घालता येतील. ते मला 'इंजिनीयर साहेब' म्हणतात, आणि ती शिवी आहे हे मला कळतं. मामा, खरंच लाज वाटते. आजवर सोळा ट्रक सुटले.

मामीला नमस्कार.

तुमचा,
अभिराम

ता. क. सतरावा ट्रक तुमचा. तुमच्या बागेच्या शंभर पेट्या त्यात आहेत. ड्रायव्हर मारोतीने चलनाने इंजिनाचं ऑइल पुसलं. चलनाची तुमच्याकडची प्रत हे पत्र आणणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्याच हाती ताबडतोब द्या. आंब्यांचा वास आता गेटपर्यंत येतोय.

आणखी एक. पाकीट चिकटवताना मालकांनी बोलावून सांगितलं, मला कायम केलं. म्हणाले, तुमच्या मामांचा ट्रक सापडत नाही, हे सांगायला पूर्वी चार मिनिटं लागली असती.