४१७ नंबरच्या डब्याचं दार

२ नोव्हेंबर, रविवार

उशीर झाला, माफी असावी. ही डायरी खतवाल्या दुकानदाराने जानेवारीत दिली आणि आता नोव्हेंबर लागला. आळस नाही. माणसाजवळ लिहिण्यासारखं काही तर हवं. आता आहे. जानेवारीच्याच पानांवर लिहितो, वर खरी तारीख टाकतो. पानं वाया जायला नकोत.

संकल्प: ४१७ नंबरच्या मालडब्याचा छोटा नमुना पुरा करणे. फुटाला अर्धा इंच या मापाने. अस्सल. आमच्या छोट्या लाइनीवर कापसाच्या गठाणी नेणारा बंद डबा. त्या लाइनीच्या मालधक्क्यावर मी चौतीस वर्षं काढली. माझ्याइतका तो डबा कोणी पाहिलेला नाही.

कारण: छोटी रेल मंडळाचं प्रदर्शन, घरी रेल्वेचे नमुने बनवणाऱ्यांचं. इथेच अमरावतीत, राजापेठेत, २८ डिसेंबरला. मंडळाचा सेक्रेटरी चंद्रभान, रिटायर ड्रॉइंग मास्तर. मागच्या वर्षी त्याने माझा डबा लहान मुलांच्या टेबलावर मांडला आणि म्हणाला, काका, खेळणं झकास आहे. ते खेळणं वर्षभर माझ्या छातीत अडकून आहे. डॉक्टर म्हणतो गॅस.

यंदा मोठ्या टेबलावर. त्याला फॉर्म भरावा लागतो. डब्याच्या एकेका भागाचा पुरावा द्या: फोटो, कागद, नाहीतर त्या डब्यावर काम केलेल्या दोन माणसांच्या सह्या. एकदम सोपं. एक मी, दुसरा अकोल्याचा गयासुद्दीन. तो त्याच लाइनीवर डबे दुरुस्त करणारा सुतार. पन्नास वर्षांची दोस्ती. दर रविवारी सकाळी अकराला त्याचा फोन येतो. आजही आला. म्हणे, घेऊन ये डबा, जेवाले ये, सही काय, दहा करतो.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ

अकोल्याहून परत. फार अपमान झाला. क्रमाने लिहितो.

गयासुद्दीनने चष्मा लावून डबा फिरवून फिरवून पाहिला. म्हणे, वा जानराव, चाकं तं फस्टक्लास. छपराचा बाकही बराबर. मग दाराला बोट लावलं. उजव्या हाताचं. त्या हाताला तीनच आहेत. बाकी दोन त्याच ४१७ च्या दारात गेली, १९८३ च्या मे महिन्यात. त्याने बोट लावलं तसं माझं दार मस्त सरकलं. तर म्हणतो, हे सरकून काहून राह्यलं बे? चारशे सतराले दोन पल्ले होते. घराच्या दारावानी.

मी म्हटलं, सरकतं होतं. तो म्हणे, बिजागऱ्या म्या ठोकल्या अन् तू मले सांगतं? मी म्हटलं, अरे, इंजिनाचा धक्का बसला, दार सरकलं, तुझी बोटं सापडली, हे साऱ्या दुनियेले माहीत आहे. चौकशीत मी तसं लिहून दिलं आहे.

त्याने चष्मा काढला. मग फॉर्म माझ्याकडे लोटला. म्हणे, येक डाव खोटी सही केली जानराव. आता या वयात नाही करत.

कोणती खोटी सही? कधी केली? सत्तरी ओलांडली की माणूस काहीही बरळतो. मी जेवता जेवता उठलो. त्याची मुलगी परवीन दारापर्यंत मागे आली. म्हणे, चाचा, भात तरी खाऊन जा, भातानं काय केलं?

निश्चय: आपण फोन करायचा नाही. चूक त्याची, फोन त्याचा.

घरी बायकोला सांगितलं. दुर्गाबाई म्हणे, इवल्याशा दारापायी दोस्त सोडला? आता डब्यातच जाऊन ऱ्हा.

९ नोव्हेंबर, रविवार

अकरा वाजले. साडेअकरा. पावणेबारा.

मला काही फरक पडत नाही. मोबाइल सकाळपासून खिशात आहे, पण तो मंडळाचा फोन येईल म्हणून.

१४ नोव्हेंबर

त्याच्या सहीवाचून अडत नाही. पुराव्याला फोटो चालतो. सून दीपमालाने ऑफिसला जायच्या आधी मोबाइलवर जुन्या मालडब्यांचे फोटो काढून दाखवले. अकरा फोटो. नवांना दोन पल्ले. एकाचं दार दिसत नाही. एकाला सरकतं. मी म्हटलं, हा. ती म्हणे, बाबा, हा परदेशातला आहे. मी म्हटलं, डबा डबा असतो. ती म्हणे, मग ते नऊ? मी म्हटलं, ते दुसऱ्या लाइनीवरचे. ती म्हणे, मले उशीर होऊन राहिला.

शिकलेल्या माणसांत चिकाटी कमी.

१६ नोव्हेंबर, रविवार

नाही आला.

२३ नोव्हेंबर

प्रत्यक्ष पाहणी. आपल्या लाइनीचा एक जुना डबा मोझरीच्या पुढे एका शेतात पडून आहे असं कळलं. लिलावात घेतलेला. शेत नत्थुजीचं. चाकं नाहीत, खाली विटा, आत शेळ्या. फटफटीवर मागे बसून गेलो, कंबर गेली, पण संशोधन म्हटलं की सोसावं लागतं.

टेप घरी राहिला. नत्थुजीच्या काठीने मापं घेतली. लांबी चार काठ्या आणि वर थोडं. ते थोडं एका शेळीने मोजू दिलं नाही.

दार नाहीच. नत्थुजीने तिथे टिनाचं फाटक बांधलं आहे. मला आनंद झाला. पल्ले असते तर बिजागरीला लटकून तरी राहिले असते. ज्या अर्थी नाही, त्या अर्थी सरकून गेलं.

चौकटीच्या दोन्ही बाजूंना तीन तीन लोखंडी कान आहेत, गंजलेले. मी म्हटलं, हे गठाणीचे दोर बांधायचे. नत्थुजी म्हणे, बिजागरीचे होत ना बुवा ते, लहान पोरगं सांगन. मी म्हटलं, तुम्ही शेळ्या पाहा, मी चौतीस वर्षं रेल्वे पाहिली. तो म्हणे, पाहा मंग, पन शेळीच्या डोक्याहून हात काढा, मारकी हाय.

उशिरा काढला. डावा गुडघा सुजला आहे.

२४ नोव्हेंबर

काल रविवार होता. शेतात रेंज नव्हती. त्याने केला असेल आणि लागला नसेल. हे शक्य आहे. दुर्गाबाईला विचारलं, घरच्या फोनवर आला होता का. ती म्हणे, घरचा फोन दहा वर्षापासून बंद हाय.

१ डिसेंबर

चंद्रभानकडे गेलो. सगळं संशोधन समोर ठेवलं: परदेशी फोटो, काठीची मापं, शेळीवाल्याची साक्ष (माझ्या अर्थाने). त्याने ऐकून घेतलं. म्हणे, काका, सरकतं दार कशावर सरकतं? वर पट्टी लागते. तुमच्या त्या शेतातल्या डब्याला वर पट्टीची भोकं होती का? मी म्हटलं, वर पाहिलं नाही, खाली शेळी होती. तो म्हणे, मग लहान मुलांच्या टेबलावर ठेवू या ना, गर्दी तिथेच असते.

मी उभा राहून सांगितलं की जानराव कागद आणेल. सरकारी कागद. शिक्क्याचा.

आणि कागद आहे! रस्त्यात एका ऑटोखाली येता येता आठवलं. १९८३ ची चौकशी. अपघाताची. त्यात माझा जबाब आहे: इंजिनाच्या धक्क्याने दार सरकले. नुकसानभरपाई मिळाली म्हणजे नक्कल गयासुद्दीनकडे असणार. म्हणजे पुरावा त्याच्याच पेटीत आणि हा मला खोटा म्हणतो.

६ डिसेंबर

आज लिहीत नाही. सगळे पुतळ्याजवळ गेलो होतो.

१० डिसेंबर

परवीनला फोन केला. गयासुद्दीनला नाही. निश्चय कायम आहे.

म्हटलं, बेटी, अपघाताच्या कागदाची झेरॉक्स पाहिजे, अब्बूंना सांगू नको. ती म्हणे, चाचा, पेटीची चाबी त्यांच्या नाड्याले हाय, सांगितल्याशिवाय कशी काढू?

विचारलं, तब्येत कशी आहे. म्हणे, रविवारी अकरा वाजले की फोन हाती घेतात अन् ठेवून देतात. मी म्हटलं, मग करत का नाही? ती म्हणे, ते बी हेच विचारतात तुमच्याबद्दल.

त्याची अकड पाहा.

१५ डिसेंबर

परवीनचा फोन. अब्बूंनी निरोप दिला: कागद काही काढू नको. जानरावले म्हणा फॉर्म पाठव, सही करून देतो. सरकतं त सरकतं. लिही काय लिहाचं ते.

झुकला! चाळीस दिवसांत झुकला.

दुर्गाबाई म्हणे, चला, मिटलं, पाठवा फॉर्म. पण मी विचार केला. सही म्हणजे मेहरबानी. उद्या तो अकोलाभर सांगेल की जानरावची कीव आली म्हणून दिली. मला कीव नको, पुरावा हवा. परवीनला कळवलं, सही राहू दे, कागदच दे. ती म्हणे, चाचा, घेऊन टाका ना सही. ते दोन दिवस जेवले नाहीत बराबर, कागद काढू नको म्हनतात. मी म्हटलं, का? कागदात असं काय आहे? ती म्हणे, मले दाखवतात थोडीच.

म्हणजे माझंच खरं आहे. म्हणूनच लपवतो.

२० डिसेंबर

कागद आला! परवीन नणंदेकडे अमरावतीला आली होती, राजापेठेच्या चौकात उभ्या उभ्या पाकीट दिलं. म्हणे, चाबी त्यांनीच दिली. म्हणाले, लेका जानराव, तू काही आयकत नाही. घे.

उद्या रविवार. अकरा वाजता दीपमालाकडून मोठ्याने वाचून घेणार, कारण टाइप पुसट आहे. सगळ्यांनी घरी राहावं असं सांगून ठेवलं आहे.

२१ डिसेंबर, रविवार

वाचलं.

पहिलं पान माझा जबाब. इंजिनाच्या धक्क्याने दार सरकले. खाली माझी सही, तेव्हाची, मोठी. मी दुर्गाबाईकडे पाहिलं.

दुसरं पान दुरुस्तीचा तक्ता. डबा ४१७. डावा पल्ला फुटला, बदलला. बिजागऱ्या तीन.

दीपमाला थांबली. मी म्हटलं, वाच, टाइप करणाऱ्याची चूक असेल.

तिसरं पान गयासुद्दीनचा जबाब. दवाखान्यात घेतलेला. सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा. लिहून दिलं आहे की, साहेब, जोराचा वारा आला आणि पल्ला मिटला. हमाल जानराव त्या वेळी पंधरा हात दूर नळावर पाणी पीत होता. त्याचा दोष नाही. खाली साहेबाचा शेरा: जखमी माणसाचा जबाब ग्राह्य. हमालाविरुद्ध कारवाई नाही.

दीपमालाने विचारलं, बाबा, मग तुम्ही धक्का पाहिला कुठून?

मी म्हटलं, मी पाणी पीत होतो ना.

दुर्गाबाई उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला पाहिजे होता, तो आला नाही.

२२ डिसेंबर

शांतपणे विचार केला. कागद सरकारी आहे. त्यात वारा लिहिला आहे म्हणजे वारा होता. पल्ले तर पल्ले. डब्याबद्दल माझी चूक झाली, मोठी माणसंही चुकतात. वाऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

२३ डिसेंबर

मे महिन्याची दुपार होती. धक्क्यावरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं.

पाणी मी नंतर प्यालो. पुष्कळ प्यालो.

२८ डिसेंबर, रविवार

प्रदर्शनाला गेलो. घाबरतो की काय कोणाला.

डबा नेला, दार काढून. चंद्रभान म्हणे, काका, दार कुठे? म्हटलं, दुरुस्तीला गेलं आहे. तो म्हणे, आणि पुराव्याचा कागद? म्हटलं, आहे, पण दाखवायचा नाही. त्याने डबा लहान मुलांच्या टेबलावर ठेवला. मी भांडलो नाही. भांडता आलं असतं. तासाभरात एका पोरीने आत प्लास्टिकचा हत्ती बसवला. दार नसल्यामुळे छान बसला.

अकरा वाजता बाहेर येऊन पायरीवर बसलो. मोबाइल काढला, नंबर लावला, वाजायच्या आत बंद केला. तोंडाने होत नाही. घरी येऊन हे लिहिलं. उद्या साध्या कागदावर उतरवून पोस्टात टाकतो.

गयासुद्दीन,

कागद मिळाला. सुनेनं वाचला, सगळ्यांसमोर. तू म्हणत होता काढू नको.

पल्ला म्या लोटला. जेवाची सुट्टी झाली होती, मले घाई होती, पायानं लोटला. तुहा हात चौकटीवर होता हे म्या पाहिलं नाही. पाहाले पाहिजे होतं. मंग साहेब आले अन् माह्या तोंडून धक्का निघाला. येकदा निघाला तं तोच खरा वाटाले लागला. इतका की म्या त्याच्यासाठी सरकतं दार बनवलं.

तरी चाकं बराबर होती हे तूच म्हटलं, ते मागं घेऊ नको.

आता दोन पल्ले कापून ठेवले आहेत, सागाचे. बिजागऱ्या चौकटीच्या आतून होत्या का बाहेरून, ते मले आठवत नाही. शेतातल्या डब्याले कान बाहेरून आहेत, पन तो चारशे सतरा नाही. हे तुलेच माहीत. तू ठोकल्या होत्या. सही नको, फॉर्म गेला चुलीत. फक्त आतून का बाहेरून तेवढं सांग. नाहीतर म्या पल्ले घेऊन येतो, तू बस, म्या ठोकतो, तू शिव्या दे. परवीनले म्हणा भात ठेव.

येऊ का नको, ते कळव. रविवारची वाट पाहू नको. लवकर कळव.

जानराव